याचा मामा कोण?

भर दुपारी खिडक्या-दारं लावून, अंधारात बसून त्र्यंबकराव कुणाला तरी विचारायचे, "याचा मामा कोण?" मग थांबायचे. उत्तर ऐकू यायचं नाही. पण ते म्हणायचे, "बराबर. आन् त्याचा मामा?"

भिंतीला भिंत लागून आमचं घर. औंढ्यात नागनाथ असताना भुताखेताला कोण भितो, असं मी बायकोला नेहमी ऐकवायचो. तिनं मलाच बघायला पाठवलं.

आत काळा पडदा नि त्यावर सरकणारी पांढरी अक्षरं. त्या उजेडात फक्त त्र्यंबकरावांचं नाक दिसत होतं. सिद्धेश्वर धरणावरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर या गृहस्थानं बंद पडलेल्या कॅफेतला संगणक विकत आणून त्यात विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घातलं होतं.

"गुरुजी, बोलणारा प्रोग्राम बसवून राहिलो. त्याला आवाजाचा दुसरा प्रोग्राम लागतो, दुसऱ्याला तिसरा. मामा आल्याबिगर नवरी मांडवात येती का? हितं हुकूम टाइप केला, का ह्यो समदं गणगोत हुडकून आनतो. जो सापडत न्हाई, त्याचं नाव सांगतो."

"पण बोलणारा काहून पाहिजे?"

त्यांनी माझ्या मागे पाहिलं. मी वळलो आणि दचकलो. वहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कळलंच नाही. अर्धांगवायूनंतर त्यांना कळायचं सगळं, पण जीभ वळत नव्हती.

"हिनं लिहायचं, त्यानं बोलायचं," त्र्यंबकराव हळूच म्हणाले. "घरात मानूस हाय आन् आवाज न्हाई, गुरुजी. भेव वाटतं."

पुढं या मामांनी आम्हाला वीट आणला. चहाला दूध नसलं की "चहाचा मामा रुसला." एसटी आली नाही की "डायवर तिचा मामा, त्योच न्हाई." एकदा मात्र त्यांचा धीर सुटला. एक मामा जुळेना, तेव्हा त्यांनी जबरदस्तीचा हुकूम देऊन लग्न लावलं. संगणक जो झोपला, तो उठेचना. पुन्हा सीडी घालून पहिल्यापासून सुरुवात.

मग एका दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला. पुरुषाचा, पण माणसाचा नव्हे. बोलताना तो श्वासच घेत नव्हता. दारातलं कुत्रं उठून गेलं. बायकोनं नागनाथाचं नाव घेतलं. मीही घेतलं, मोठ्यानं.

जाऊन पाहतो तर वहिनी संगणकासमोर, उजवा हात मांडीवर निपचित. मराठी आवाज मिळाला नव्हता, म्हणून हिंदीवर भागवलं होतं.

"काय बी लिही," त्र्यंबकराव विनवत होते.

डाव्या हाताचं एक बोट किती तरी वेळ अक्षरं शोधत राहिलं. मग तो थंडगार आवाज म्हणाला, "तुमच्या भाजीत मीठ नसतं."

मला हसू फुटलं. त्र्यंबकराव हसले नाहीत.

"मग इतके दिस सांगितलं काहून न्हाई?" ते एकदम बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. वहिनींचं बोट मात्र पुन्हा शोधू लागलं. आम्ही दोघं वाट बघत उभे.

"ताट सारता आलं असतं," तो आवाज म्हणाला. "पण मी जेवते का, ते तुम्ही समोर बसून बघायचात."

त्र्यंबकराव तिथंच जमिनीवर बसले आणि लहान लेकरासारखे रडायला लागले.