कोऱ्या चहाचा दिवस

दोन दिवसांच्या प्रशिक्षणाहून साहेब परतले ते वहीत सत्तेचे पाच प्रकार लिहून घेऊनच. खुर्चीची, शिक्षेची, बक्षिसाची, ज्ञानाची आणि माणूस आवडतो म्हणून चालते ती. "पाचही आहेत आपल्याकडे," त्यांनी बायकोला सांगितलं. पाचवीपाशी तिची भुवई जरा वर गेली, पण ते असो.

मग त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. रजेचा अर्ज घेऊन निघालेला माणूस आधी चहाच्या टेबलाशी वळायचा, चहा देणाऱ्या मावशींशी कुजबुजायचा आणि कधीकधी अर्ज खिशात घालून परत जायचा! साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. केबिनचं दार किलकिलं ठेवून त्यांनी तीन दिवस पाळत ठेवली. एका सकाळी दारात रांग, दुसऱ्या सकाळी चिटपाखरू नाही. म्हणजे मंजुरी मावशी देतात आणि आपण नुसते सहीचे धनी! त्यांना जेवण गोड लागेना.

चौथ्या सकाळी त्यांनी मावशींच्या बदलीचा आदेश खरडला, थेट गोदामात, आणि टायपिस्टबाईंकडे दिला. संध्याकाळी कागद होता तिथेच होता.

"टाइप का नाही झाला?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, आज तुम्ही कोरा चहा मागितलात. तुमचं डोकं फिरलेलं असलं की तुम्हाला कोराच लागतो, असं मावशी सांगतात. त्या दिवशीचे आदेश आम्ही दुसऱ्या दिवशी टाइप करतो. तोवर तुम्हीच ते फाडून टाकता. आठ वर्षं असंच चाललंय."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हसतमुखाने दूधसाखरेचा चहा मागवला. तरी केबिनकडे कोणी फिरकेना. शेवटी त्यांनी मावशींनाच गाठलं.

"आज तर गोड मागितला होता मी."

"मागितलात खरा. प्यायलात कुठे? साय धरलीय त्यावर."

आता मात्र हद्द झाली. साहेबांनी आदेश स्वतःच्या हाताने नीट उतरवला आणि मोठ्या साहेबांची सही घ्यायला जिना चढू लागले. वरून मावशी रिकामा ट्रे घेऊन उतरत होत्या. त्यांनी कागदाकडे पाहिलं.

"माझ्या बदलीचा ना?"

साहेबांनी कागद पाठीमागे धरला.

"न्या की. पण आज नका नेऊ. वर आज कोरा गेलाय."

साहेब एक पायरी चढले, थांबले. मग कागदाची घडी करून त्यांनी ती खिशात घातली.

"मग... उद्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"सकाळी टेबलाशी या, सांगते."