सुमनमावशीचा हात न भाजणारा साबण

आमच्या पंचवटीतल्या इमारतीत कुठल्याही बाथरूममध्ये जा, साबणाच्या मधोमध बोटाचा खळगा दिसेल. ते बोट दुसऱ्या मजल्यावरच्या सुमनमावशीचं. साबण साच्यात ओतला की थिजेपर्यंत हात लावायचा नाही, एवढंच तिला जमत नाही. ओतते, गॅलरीत जाते, परत येते, "झालास का रे?" असं साबणालाच विचारते आणि बोट खुपसते.

मावशी सख्खी नव्हे, शेजारची. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी काका गेले आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या ऑफिसात ती त्यांच्या जागी लागली. तेव्हापासून तिला बसलेलं कुणी पाहिलं नाही. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, शेंगा सोलायच्या त्या जिन्यात फिरत, येणाऱ्याजाणाऱ्याला "उरक, उरक!" म्हणत.

तिची कृती सोपी. साबणाची तयार, बिनवासाची लादी विकत आणायची, पनीरसारखे तुकडे करायचे, गरम पाण्यावर वाटगं ठेवून वितळवायचे, रंग-वास घालून दह्याच्या डब्यात ओतायचं. हात भाजणाऱ्या कॉस्टिक सोड्याला हात लावायचा नाही.

मी एकदा चिडून म्हटलं, "मावशी, हा साबण तू बनवत नाहीस. नुसता वितळवतेस."

"तुझी आई बाजरी पेरते का गं? मग भाकरी कुणाची?"

"पण कॉस्टिक कुणीतरी हाताळलंच ना? कारखान्यातल्या माणसांचे हात भाजतात, तुझे वाचतात!"

वाटगं ढवळता ढवळता ती थांबली. "खरंय. त्यांना हातमोजे मिळावेत म्हणून काढ की पत्रक. मी वाटते." मी पत्रकं काढली आणि तिनं ती खरंच वाटली! ऑफिसच्या बसमध्ये, एकेकाच्या हातात कोंबून.

एकदा तिनं ताजी द्राक्षं कुस्करून साबणात घातली. "नाशिकचा साबण आहे, द्राक्षं नकोत?" आठवड्यात साबणाला बुरशी आली आणि मुंग्या रांगेनं आमच्या बाथरूमकडे निघाल्या. बाबा म्हणाले, "सुमन, आता साबणालाच आंघोळ घालायची वेळ आलीय." मावशीनं तो साबण काढून घेतला आणि त्याच संध्याकाळी लिंबाचा आणून दिला. त्यालाही खळगा होताच.

मग माझ्या ताईचं, रूपाचं लग्न ठरलं. रूपाला लहानपणी रोज तेल लावून वेणी घालणारी, स्कूटीवरून शाळेत सोडणारी मावशीच. आई तेव्हा आजारी असायची. हळदीच्या दिवशी पाच सुवासिनी पाटाभोवती बसल्या. मावशीला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं.

ती आमच्याच स्वयंपाकघरात ओट्याशी होती. एका डब्यातून पिवळाधमक साबण सोडवत होती.

"मी आत्ता जाते आणि सगळ्यांसमोर बोलते," मी म्हटलं. माझे कान तापले होते. "विधवेच्या हाताला काय विष लागलंय?"

"तू बोलशील, पाहुणे तोंडं वाकडी करतील आणि रूपा रडेल. भाषण नको आज." तिनं साबण पदरानं पुसला. "हा तिला दे. आंघोळीला."

"हळद धुवायला हळदीचाच साबण?"

"लावायला पाचजणी आहेत गं," ती म्हणाली. "धुणाऱ्याची कुणी चौकशी करत नाही."

हळद लावून झाल्यावर मी साबण नेऊन दिला. ताईनं तो हातात घेतला आणि हुंगला. मग बाथरूमच्या दारातून तिनं सगळ्या घराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "सुमनमावशी! माझा हात पाठीपर्यंत पोचत नाही."

मावशी हात पुसत, कुणाकडे न बघता आत गेली. दार लागलं. पाण्याचा आवाज आला, मग थांबला.

नामपूरच्या आत्या उरलेल्या हळदीची वाटी घेऊन उठल्या. "आत कोण शे?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं पाट ओढला, बाथरूमच्या दाराशी टाकला आणि त्यावर ठाण मांडून बसली.

"घरातलंच माणूस आहे," ती म्हणाली. "वेळ लागेल त्यांना."