भाईदासच्या वाफ्यातला नाग

१९३२ सालच्या हिवाळ्यात, शहाद्याजवळच्या एका गावात भाईदासने ओट्यावर बसून जाहीर केलं, "मन्ही मीनाले देखाले पाव्हना येतीन, त्या दिन बाजारनी एक काडी घरमा येवाव नही. कोथमीर मन्हा वाफानी!"

पाहुणे म्हणजे मुलाचे वडील, तापीकाठचे दोधू पाटील. खाण्याच्या बाबतीत भलते चोखंदळ! भाईदासने न्हाणीमागे वाफा केला, धने रगडून पेरले आणि बाळंतिणीला जपावं तसं त्या वाफ्याला जपलं. कोथिंबीर अशी तरारली, की शेजारची गजराबाई रोज कुंपणावरून हात घालू लागली.

"जराशीच लिधी हो भाऊ!"

गजराबाईचं जराशी म्हणजे मूठभर! पाहुणे यायला चारच दिवस उरले होते. भाईदास घाबरं तोंड करून म्हणाला, "गजराबाई, हात नको घालू! वाफामा नाग शे. मी मन्हा डोयाघाई देखा, फना काढीसन बठेल व्हता!"

गजराबाईने हात आवरला. तोंड मात्र आवरलं नाही! दुपारी तो नाग दोन हात लांब होता, दिवेलागणीला त्याच्या डोक्यावर मणी आला. दुसऱ्या दिवशी गावच्या बायका दुधाच्या वाट्या आणि हळदकुंकू घेऊन हजर! जाताना प्रत्येकीने प्रसाद म्हणून चार-चार काड्या खुडल्या. भाईदास ओरडणार कसा? नाग त्यानेच तर बसवला होता!

पाहुणे आले तेव्हा वाफ्यात फक्त दुधाचा चिखल होता.

"आते दायवर काय टाकू? कुंकू?" बायको निर्मलाबाई फणकारली.

तेवढ्यात दोधू पाटलांच्या कानावर नागाची कथा गेलीच. ते थेट न्हाणीमागे गेले, पागोटं काढून चिखलाला नमस्कार केला. "जेना घर नागदेव, तेनी पोर आमले पसंत शे!"

भाईदासच्या ओठांवर खरं आलं होतं. पण दाराआडची मीना लाजून हसली, आणि त्याने ते गिळलं.

पंगत बसली. बिनकोथिंबिरीची डाळ वाढताना भाईदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पाटील, माफ करा, कोथमीर..."

दोधू पाटलांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि हळूच म्हणाले, "बरं व्हयनं, याहीबुवा! तिना वास माले बिलकुल सोसत नही!"