दिवसाला एक मिलिमीटर

व्यंकटभाऊंकडे गेलात तर चहाच्या आधी गुडघ्यावर हातोडी पडते. छोटी, रबरी डोक्याची. पाय लोंबता सोडायला लावतात, वाटीच्या खाली टुक् करून मारतात आणि पाय आपोआप उडाला की खूश होतात. "बगा! मेंदूला इचारलंच न्हाई. कण्यातल्या सुपरवायझरनं परस्पर ऑर्डर सोडली. हेड ऑफिसला मागनं कळतंय."

चिखलीत आमची दारं समोरासमोर. भाऊ मूळचे लातूरकडचे, चाकणच्या कंपनीत पॅनल वायरिंग करतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून चेअरमन एकदा भडकले, तर यांनी उठून त्यांची नाडी धरली. "साहेब, तुमची संकटाची लाइन चालू झाली. छाती धडधडती, तोंडाला कोरड. ही चालू असली की जेवण पचत न्हाई. बसा, आरामाची लाइन लागू द्या." चेअरमन बसले. टँकरचा विषय राहूनच गेला.

आम्ही हसायचो. पण हे वेड कुठून आलं ते ठाऊक असल्यामुळे फार हसवतही नसे.

गेल्या वर्षी सुमनवहिनी, म्हणजे भाऊंची बायको, बाल्कनीत पाय घसरून काचेच्या दारावर पडल्या. उजव्या हाताला कोपराखाली खोल जखम झाली, नस तुटली. रक्ताची नव्हे, संवेदनेची. ऑपरेशननंतर भाऊंनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "जॉइंट कसला मारला?" मी सोबत होतो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आम्ही फक्त वरचं आवरण शिवलंय. आतला तंतू कोपराकडून बोटांकडे स्वतःच वाढत जातो. दिवसाला फार तर एक मिलिमीटर. आणि पोचेलच असं नाही."

शेवटचं वाक्य भाऊंनी ऐकलंच नाही. रिक्षात मला म्हणाले, "इतकी वर्षं वायरी ओढल्या राव, आपोआप वाढणारी केबल पाहिली न्हाई."

घरी आल्यावर त्यांनी स्टीलची पट्टी काढली. टाक्यांपासून बोटाच्या टोकापर्यंत तीनशे मिलिमीटर भरले. म्हणजे दहा महिने. पॅनलमध्ये प्रत्येक वायरीच्या टोकाला नंबर असतो, तसे त्यांनी वहिनींच्या बोटांवर पेनाने नंबर घातले. अंगठा एक, तर्जनी दोन, मधलं तीन. ही तीन बोटं बधिर होती. रोज सकाळी शिफ्टला जायच्या आधी वहिनींनी डोळे मिटायचे, भाऊंनी पेन टेकवायचं आणि वहिनींनी नंबर सांगायचा. काही महिन्यांनी ते ऐटीत आम्हाला सांगू लागले, "आज तिन्ही बरोबर!"

दहा महिने झाले. वर्ष झालं. एक दिवस वहिनी आमच्याकडे वाटीभर साखर द्यायला आल्या, तेव्हा त्यांच्या तर्जनीवर टम्म फोड दिसला. बोट तव्याला लागलं असणार, त्यांना पत्ताच नव्हता. मी विचारल्यावर दारातच खाली बसल्या.

"काईच कळंना गेलंय भाऊजी. मी अंदाजानं नंबर सांगते. नशिबानं बरोबर येतंय, एकदा सुदीक चुकलं न्हाई. त्यांना सांगू नका. ते त्याच्यावरच जगायलेत."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. एवढ्या हुशार माणसाला वर्षभर हे कळू नये?

दोन दिवसांनी भाऊंनी सकाळीच हाक मारली, चाकणला एकत्र जायचं होतं. दार उघडंच होतं. वहिनी खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या, हात स्वतःच्या मांडीवर. भाऊ समोर पाटावर. पेन भाऊंच्या खिशातच होतं.

"सांग," भाऊ म्हणाले.

वहिनी जरा थांबल्या. "दोन."

"बरोबर," भाऊ म्हणाले. त्यांनी मला पाहिलं आणि मान हलवून गप्प राहायला सांगितलं. त्यांचे डोळे वाहत होते.

"उघडू का आता?" वहिनींनी विचारलं.

"थांब जरा," भाऊ बाहीने तोंड पुसत म्हणाले. "अजून एक राहिलंय."