ढोके साहेबांनी ओटीपी दिला नाही

अख्ख्या नंदनवन वस्तीत कुणालाही गंडवता येईल, एक मला सोडून, असं नागसेन ढोके स्वतःच सांगत. शेजारच्या गोपाळरावांची पाण्याची मोटर एक मिस्त्री "दुरुस्त करून आणतो" म्हणून घेऊन गेला, तो गेलाच. तेव्हापासून तर नागसेनना विषयच मिळाला होता. गल्लीतल्या लोकांना जमवून त्यांनी समजावलं, "कार्ड पाहा. कंपनीला आपण होऊन फोन करा. आणि ओटीपी सख्ख्या बापालेही देऊ नका."

लोकांनी माना डोलावल्या. साहेबांचं वजन वाढलं.

अशात ऐन मे महिन्यात ढोक्यांचा एसी बंद पडला. त्यात सासूबाई, पार्वतीबाई, उमरेडहून आलेल्या. त्या मागच्या खोलीत ओला पंचा डोक्यावर घेऊन निजल्या होत्या. दीक्षानं बँकेत नोकरीवर जायच्या आधी मोबाईलवरून मिस्त्री बोलावला आणि नवऱ्याला बजावलं, "तो येईन, काम करन, जाईन. त्याच्याशी वाद नका घालू."

"वाद कशाले घालतो वं? फक्त तपासतो."

मिस्त्री आला. अंकुश नाव, खांद्यावर अवजारांची पिशवी, घामाघूम. नागसेननी त्याचं कार्ड उलटून पालटून पाहिलं. फोटोतला चेहरा आणि समोरचा चेहरा शेजारी धरून पाहिला. कंपनीला फोन लावला. सगळं बरोबर निघालं. नागसेनना थोडं वाईटच वाटलं.

तेवढ्यात अंकुश म्हणाला, "साहेब, ओटीपी सांगा."

नागसेनच्या अंगावर काटा आला. सापडला.

"काहून?"

"त्याच्याबिगर काम सुरू नाही होत, साहेब. मॅडमच्या मोबाईलवर आला असन."

मॅडमपर्यंत पोचला की हा. बँकेतल्या मॅडमपर्यंत. नागसेन अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "बस गा, पाणी पी. मी आलोच." ते बाहेर आले, हळूच दाराला कडी घातली आणि गोपाळरावांकडे धावले. मोबाईल घरातच राहिला, पण अशा वेळी मोबाईल कोण बघतो?

"चोर पकडला, गोपाळराव. तुमची मोटर यानंच नेली असन."

हां हां म्हणता गल्ली गोळा झाली. कुणी काठी आणली, कुणी झाडू. गोपाळरावांनी नागसेनच्या हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, दिली आणि विचारलं, "घरात दुसरं कोणी नाही न?"

नागसेनचा चेहरा उतरला. "सासूबाई हायेत."

"चोरासंग सासू कोंडली तुम्ही?"

आत मात्र वेगळंच चाललं होतं. साहेब येईनात म्हणून अंकुशनं दीक्षाला फोन केला. तिनं ओटीपी सांगितला, तो कामाला लागला. आवाजानं पार्वतीबाई उठल्या. त्यांनी त्याला ताक दिलं आणि एसीतून थंड झुळूक आल्यावर तोंडभर आशीर्वादही दिला. तेवढ्यात बाहेर गलका ऐकू आला. खिडकीच्या फटीतून बाईंना काठ्या दिसल्या, सब्बल दिसली. माणसं काही ओळखू आली नाहीत.

"पोरा, दरोडा पडला. दार लाव."

अंकुशनं आतून कडी लावली, वर सोफाही दाराला टेकवला आणि पोलिसांना फोन केला.

बाहेर नागसेननी आपली कडी काढली, पण दार हलेना. "त्यानं आतून लावून घेतलं," ते घाबरून म्हणाले आणि सब्बलीनं दारावर घाव घालू लागले. घावागणिक आतून पार्वतीबाईंची किंकाळी येई आणि ती ऐकून नागसेन पुढचा घाव आणखी जोरात घालत.

पोलिसांची गाडी आली. हवालदारांनी खाली उतरून शांतपणे विचारलं, "दार कोण तोडून राहिलं?"

सगळी गल्ली एक पाऊल मागं सरकली. गोपाळराव दोन.

पोलीस आले म्हणताच सोफा सरकला आणि दार उघडलं. आधी गार हवा बाहेर आली, मग पार्वतीबाई. त्यांच्यामागे पाना उगारलेला अंकुश.

"अगं माय," बाई म्हणाल्या, "हे तं जावई हायेत. अन् मीच याले दार लावाले सांगितलं."

अंकुशनं पाना खाली केला. "साहेब, एसी सुरू झाला," एवढंच तो म्हणाला.

हवालदारांनी नागसेनना बाजूला घेतलं. "घर कोणाचं?"

"माझं."

"आतून दार कोणी लावलं?"

"सासूबाईंनी लावाले सांगितलं."

हवालदारांनी सब्बल त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली. मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "होते असं, साहेब. मलेही सासऱ्याच्या दारातून वापस पाठवलं होतं. सब्बलीनं नाही जमत. गोडीनं घ्या."

खरी हकिगत सांगायला नागसेननी तोंड उघडलं. मागं गोपाळराव कान देऊन उभे होते.

"हो," नागसेन म्हणाले, "जरा रागावल्याच हायेत त्या."