लाइन कोण खातंय?

नगरपालिकेची इंटरनेटची लाइन कोण खातंय हे शोधायला तिथला सर्व्हर सांभाळणाऱ्या झुनिल्दाच्या हातात चारच दिवस होते. शुक्रवारी सान हुआनच्या जत्रेतला साबण लावलेल्या खांबावर चढायचा खेळ सर्व्हरवरून थेट दाखवायचा होता. गेल्या वर्षी गडी टोकापासून हातभर खाली असताना चित्र गोठलं. ब्वेनोस आयरेसला कामाला गेलेलं अर्धं गाव अजून फोन करून विचारत होतं, "शेवटी चढला का हो तो?"

"यंदा अडकलं तर सर्व्हर जाईल राजधानीत आणि तू जाशील दफनभूमी खात्यात," नगराध्यक्ष क्रिस्पिनसाहेबांनी बजावलं.

झुनिल्दाने इंटरनेटवर एक पान बनवलं. कोणतं खातं किती लाइन ओढतंय, ते दर दोन सेकंदांनी नव्याने दाखवणारं. साहेब खूश झाले.

"फक्त वर माझा फोटो टाक. कुणाच्या कारकिर्दीत चाललंय ते कळू दे लोकांना!"

निवडणुकीच्या फलकासाठी काढलेला फोटो होता. मिशीचा केस न् केस मोजता यावा एवढा अवाढव्य. साहेब डोक्यावर उभे, म्हणून झुनिल्दाने आहे तसाच चिकटवला.

सकाळी दहाला आंब्याखाली तेरेरेचा गार पेला फिरू लागला, तसं सगळ्या कारकुनांनी फोनवर ते पान उघडलं.

"आज पहिला नंबर रस्तेवाल्यांचा! लागली पैज, पाच चिपा!"

"हट्! पाणीवाले खातात सगळं. माझे दहा!"

चिपा, म्हणजे चीजचे पाव, विकणाऱ्या ओब्दुलियाबाईंचं उखळ पांढरं झालं, कारण हरलेला त्यांच्याचकडून विकत घेणार. त्यांनी ते पान ब्वेनोस आयरेसच्या भाचीला धाडलं, भाचीने साऱ्या वस्तीला. पैजा तिकडूनही लागू लागल्या.

लाइनचा आकडा मात्र चढतच होता. झुनिल्दाने रस्ते खात्याची तार उपटली. मग पाण्याची. मग करवसुलीची. आकडा हलेना. कारकुनांनी घाबरून कामच बंद केलं, तरी लाइन भरलेलीच!

शुक्रवारी उन्हं कलल्यावर एलिहियो गवंडी दोघांच्या खांद्यावर पाय देऊन खांबाला भिडला आणि चित्र अडखळलं.

"झुनिल्दा," साहेब ओरडले, "दफनभूमीची किल्ली घेऊन ठेव!"

खात्यांचा नाद सोडून तिने सर्व्हरलाच विचारलं, बाबा, तू पाठवतोयस तरी काय? उत्तर आलं. नऊशे माणसं ते पान उघडून बसली होती, आणि प्रत्येकाकडे दर दोन सेकंदांनी साहेब मिशीसकट नव्याने जात होते.

तिने फोटो काढून टाकला. लाइनचा आकडा धाडकन खाली आला. चित्र लोण्यासारखं सरकू लागलं, एलिहियो घसरला, सावरला, आणि टोकावरची बक्षिसाची थैली त्याने ओढून काढली! मैदानात आणि फोनवर एकच आरोळी उठली. झुनिल्दा खुर्चीवर चढून नाचली.

"सापडला का चोर?" साहेबांनी विचारलं.

झुनिल्दा खुर्चीवरून उतरली.

"सापडला साहेब. तुम्ही." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "चार दिवसांत तुमचा फोटो एकवीस लाख वेळा गेलाय."

साहेबांनी वाकून आकडा पुन्हा वाचला. गावाची वस्ती सात हजार.

"एकवीस लाख?" मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले. "हे छापून घे. मोठ्या अक्षरांत. आणि सर्व्हर कुठे जात नाही, तूही नाही."

तेवढ्यात ओब्दुलियाबाई रिकामी टोपली पुढे करत आल्या. "चला, हरलात सगळे, टाका यात माझे चिपा. माझी पैज सोमवारपासून साहेबांवर होती. पानावर दुसरं कुणी दिसलंच नाही मला."