बिनलेबलाच्या पाच बाटल्या

चष्मेवाले सहा नवे काचेचे पेले पोटाशी धरून स्वयंपाकघरात शिरले आणि दारातच थिजले. ओट्यावर वाइनच्या पाच बाटल्या धुऊन, पुसून, ओळीने उभ्या होत्या. इतक्या स्वच्छ, की एकीवरही लेबल नव्हतं!

"या कुणी धुतल्या?"

"मी," आत्या हात पुसत म्हणाली. चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्याचा आनंद. "कोमट पाण्यात अर्धा तास ठेवल्या. पाचही लेबलं अख्खी निघाली बघ, एकाचाही कोपरा फाटलेला नाही. तुझ्या वहीत चिकटवलीसुद्धा!"

"आत्या! लेबल बाटली संपल्यावर काढायचं असतं!"

"मग तसं सांगायचंस. शिवणकामात कापडावरची चिठ्ठी आधीच काढून ठेवतात. बरं ऐक, मी प्रत्येक बाटलीच्या..."

"एक शब्द बोलू नकोस आता! संध्याकाळपर्यंत एक शब्दही नको!"

आत्याने ओठ मिटले. चाळीस वर्षं कपडे शिवलेल्या त्या बाईला बोलता बोलता टाचण्या तोंडात धरायची सवय होती, त्यामुळे गप्प बसणं तिला छान जमायचं. ती आतल्या खोलीत निघून गेली आणि दार जरा जोरातच लागलं.

आता, माणूस सख्ख्या आत्यावर एवढा का ओरडला, ते सांगायला हवं. तीन महिन्यांपूर्वी चष्मेवाल्यांना वाइन म्हणजे काय, याचा पत्ताही नव्हता. एका सकाळी दातांचे डॉक्टर त्यांच्या चष्म्यांच्या दुकानात आले. जवळचं वाचता येईना, चष्मा लगेच हवा होता. वाचून बघण्यासाठी चष्मेवाल्यांनी नेहमीचा अक्षरांचा तक्ता पुढे केला, तर डॉक्टरांनी पिशवीतून बाटलीच काढली. "मला हे वाचता आलं पाहिजे!" लेबलावरची अक्षरं मुंगीएवढी होती. चष्मेवाल्यांनी स्वतःच मोठ्याने वाचून दाखवलं, "पिकलेलं आलुबुखार, काळी मिरी, जुन्या लाकडाचा मंद गंध." आणि गडी तिथेच खलास! द्राक्षाच्या रसात एवढं सगळं?

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. हातात येईल ते गोल फिरवून हुंगायचं. परवा तर खोकल्याचं औषध फिरवून हुंगलं आणि "शेवट जरा कडवट आहे," असं बायकोला ऐकवलं. "अहो, ते प्या आणि झोपा," ती म्हणाली. रिकाम्या बाटलीचं लेबल काढून वहीत चिकटवायचं आणि शेजारी स्वतःचं मत लिहायचं, हा त्यांचा नवा धर्म. वही उशाशी असायची.

डॉक्टरांची पाच जणांची वाइनमंडळी होती. दर महिन्याला एकाच्या घरी बैठक. नव्या माणसाने आपल्या घरी पाच बाटल्या मांडायच्या, प्रत्येकीची ओळख करून द्यायची, आणि ती पटली तरच त्याला कायमचं मंडळींत घ्यायचं, असा डॉक्टरांचा दंडक. चष्मेवाल्यांची बैठक आज होती. पाच वाजता. आणि बाटल्या पाचही लाल, एकाच मापाच्या, एकाच काळ्या टोपणाच्या!

"सरळ सांगून टाका की," बायको म्हणाली.

"काय सांगू? कोण कुठली ते मलाच माहीत नाही, असं? उभं करतील का ते मला परत?"

मग त्यांना कल्पना सुचली. मंडळी नेहमी म्हणायची ना, की एकदा डोळे झाकून परीक्षा घ्यायची? झालं तर! त्यांनी बाटल्यांच्या गळ्यात अ, आ, इ, ई, उ अशा चिठ्ठ्या बांधल्या. तासभर आधी बुचं काढली, वाइनला हवा लागावी म्हणून. तेवढ्यात राहवेना, म्हणून प्रत्येकीतला घोटघोटभर चाखला, वही उघडून लेबलांवरचं वर्णन पाहिलं आणि पेन्सिलीने एकेका लेबलाशेजारी एकेक अक्षर लिहिलं. "अ" मात्र मर्लो द्राक्षांचीच, पैजेवर सांगतो! असं ते स्वतःशीच पुटपुटले. बाकीच्यांचीही जवळजवळ खात्री होती.

पाचच्या ठोक्याला मंडळी आली. डॉक्टर, बँकेतल्या मॅडम, गाडी चालवायला शिकवणारे मास्तर आणि इतर दोघं. बाटल्या बघून डॉक्टर जागच्या जागी टाळ्या वाजवू लागले.

"वा, वा! लेबलंच काढून टाकलीत? काय हिंमत आहे! नाहीतर लोक पिशवीत बाटल्या लपवतात."

"म्हटलं, करायचं तर पूर्ण करावं," चष्मेवाले म्हणाले. बायकोने खिडकीबाहेर बघितलं.

काय रंगली बैठक! पेले फिरत होते, नाकं आत जात होती, कुणी "चेरी!" म्हणून ओरडत होतं, कुणी "छे, अंजीर!" म्हणून त्याला गप्प करत होतं. मास्तर दर घोटाला म्हणत होते, "ही पण छानच आहे हो." डॉक्टर डोळे मिटून, बोट वर करून एकेक निकाल देत होते. "अ? पिनो. लहान मूलही सांगेल. आ? मर्लो." प्रत्येकाने आपापली उत्तरं कागदावर लिहिली.

"चला, आता खरी उत्तरं!" मॅडम म्हणाल्या.

चष्मेवाले वही छातीशी धरून उभे राहिले. डॉक्टरांचं एकही उत्तर त्यांच्या पेन्सिलीशी जुळत नव्हतं. दहा वर्षांचा जाणकार खरा, की तीन महिन्यांचा चष्मेवाला? त्यांनी अंदाज घेतला आणि डॉक्टरांचीच उत्तरं खणखणीत आवाजात म्हणून दाखवली.

"पाचपैकी पाच!" मास्तर ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टर नम्रपणे मान झुकवत होते. "चष्मेवाले, तुम्ही आजपासून आमचे!"

आतल्या खोलीचं दार उघडलं.

"संध्याकाळ झाली," आत्या म्हणाली. "आता बोलू का मी?"

"आत्या, नंतर..."

"दुपारी सांगत होते, तर तू ऐकलं नाहीस. अरे, खूण केल्याशिवाय कुणाच्या कापडाला मी कधी हात लावला आहे का? बाटलीच्या बुडाला खडूने आकडे घातलेत. लेबलं वहीत त्याच क्रमाने आहेत." एवढं बोलून तिने पहिली बाटली उचलून खालून दाखवली. "ही अ ना? बुडाला तीन आहे. आण ती वही."

वही तिने ओढूनच घेतली. "तिसरं लेबल, मर्लो. आणि शेजारी तूच लिहिलंयस, अ! अरे, बरोबर उत्तर इथेच आहे की! मग मघाशी पिनो कशाला म्हणालास?"

मॅडमनी दुसरी बाटली उचलली, मास्तरांनी तिसरी. खडूचा आकडा, वहीतलं लेबल, पेन्सिलीचं अक्षर. पाचच्या पाच जुळली. चष्मेवाल्यांची. डॉक्टरांचं एकही नाही.

चष्मेवाल्यांचे कान लाल झाले. "माफ करा, डॉक्टर. काय झालं ते मी आधीच सांगायला हवं होतं. आणि तुम्ही म्हणालात म्हटल्यावर मला वाटलं, माझीच जीभ चुकली."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि खो खो हसू लागले.

"चष्मेवाले, त्या दिवशी मी एवढ्या घाईने चष्मा करायला का आलो होतो, ते आलं का लक्षात? दुसऱ्या दिवशी बैठक होती आणि मला लेबल वाचता येत नव्हतं! दहा वर्षं सांगतोय ते सगळं बाटलीच्या पाठीवर छापलेलं असतं हो!"

मास्तर तर हसून हसून खुर्चीतून घसरले. मॅडमनी पहिला पेला आत्याच्या हातात दिला. तिने तो फिरवला नाही की हुंगला नाही, सरळ प्यायली आणि म्हणाली, "बरी आहे."

"आता तुम्ही सांगा," डॉक्टरांनी दुसरा पेला चष्मेवाल्यांपुढे सरकवला.

चष्मेवाल्यांनी घोट घेतला. या वेळी त्यांनी कुणाच्याही तोंडाकडे बघितलं नाही.

"पिकलेलं आलुबुखार," ते म्हणाले. "आणि मागून थोडी मिरी."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, खिशातून पेन काढलं आणि ते लिहून घेतलं.